टायर, साइडपट्टी आणि उसनी भाषा

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत सायकलीविषयी बरेच लिहिले गेले आहे आणि त्यातले पुष्कळसे एकाच साच्यातले आहे. रविवारी पहाटे निघालेला चमू, कापलेले किलोमीटर, घाटमाथ्यावरचा चहा आणि शेवटी निसर्गाच्या सान्निध्यात गवसलेले आत्मभान. या लेखनात सायकल असते, स्वार असतो, निसर्ग तर असतोच असतो. रस्ता मात्र नसतो. म्हणजे रस्त्याचे नाव असते, अंतर असते, चढ किती होता हेही असते. चाकाखाली काय होते ते क्वचितच कळते. ज्याला ते सांगावेसे वाटते तो ‘ग्रॅव्हल’, ‘मिक्स्ड टेरेन’, ‘ऑफ-रोड’ असे तीन शब्द टाकून मोकळा होतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की हा केवळ शैलीचा दोष नव्हे. चाकाखालच्या जमिनीला नाव न देणाऱ्या भाषेत टायरची निवड चुकते. ती चूक हौशी माणसाला महाग पडते आणि सायकलीने कामावर जाणाऱ्याच्या कधी कधी जिवावर बेतते.

उदाहरणादाखल मुद्दाम एक अप्रसिद्ध वाट घेऊ. पालघर तालुक्यातले एडवण हे समुद्रकाठचे गाव. रेल्वेने यायचे तर सफाळे स्थानकावर उतरायचे आणि पश्चिमेची वाट धरायची. आजूबाजूला मथाणे, कोरे, दातिवरे ही गावे. उत्तरेला दांड्याच्या खाडीपलीकडे केळवे. या टापूत सायकलीवर अर्धा दिवस काढला तर चाकाखालून काय काय जाते? आधी डांबर. मग डांबराची तुटलेली कड आणि तिच्या खाली उतरलेली मुरुमाची साइडपट्टी. मग वाड्यांमधून जाणारी सिमेंटची अरुंद गल्ली, जिच्यावर पावसाळ्यात सावलीमुळे शेवाळ धरते. मग खाजणाच्या कडेचा मातीचा बांध, जो उन्हाळ्यात सिमेंटसारखा टणक आणि आषाढात लोण्यासारखा. मग सुरूच्या बनातली कोरडी, पाय रुतवणारी पुळण. आणि तिच्यापुढे ओहोटीने उघडी टाकलेली ओली वाळू, जिच्यावर चाक डांबराइतके सरळ पळते. पंधरा-वीस किलोमीटरांत सहा-सात जमिनी, आणि प्रत्येकीला मराठीत स्वतंत्र नाव. कॅटलॉगात या साऱ्यांचे मिळून एकच नाव: मिश्र भूप्रदेश.

‘मिश्र भूप्रदेश’ हा शब्द कानाला खटकतो तो काही शुद्धलेखनामुळे नव्हे. भूप्रदेश म्हणजे कोकण, देश, खानदेश. तो नकाशावर असतो, चाकाखाली येत नाही. मूळ इंग्रजी संज्ञा जिथे जन्मली तिथे तिला अर्थ आहे. ग्रॅव्हल सायकल ही अमेरिकेच्या मध्यभागातल्या शेतरस्त्यांवर वाढली. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाहून २००६ पासून २०० मैलांची शर्यत निघते, तीमुळे या प्रकाराला नाव मिळाले. तिथल्या टेकड्यांत गारगोटीच्या जातीचा धारदार दगड आहे. रस्ते मैलोन्‌मैल एकाच जातीचे, रुंद आणि बरेचसे निर्मनुष्य. अशा रस्त्यासाठी टायरांची जी वर्गवारी झाली – घट्ट जमीन, घट्ट जमिनीवर सुटे खडे, सुटी जमीन, चिखल – ती तिथे उपयोगी आहे. आपण ती जशीच्या तशी उचलली, आणि वर तिचे भाषांतरही केले नाही. केले तेव्हा ‘भूप्रदेश’ केले.

गंमत अशी की याबाबतीत सरकारी मराठी आपल्या ललित मराठीपेक्षा कितीतरी पुढे आहे. ग्रामपंचायतीची किंवा बांधकाम विभागाची निविदा सूचना काढून वाचावी. खडीकरण, मुरुमीकरण, डांबरीकरण, काँक्रीटीकरण, साइडपट्ट्या भरणे, दबाई करणे: रस्त्याच्या पृष्ठभागाची इतकी काटेकोर परिभाषा एकाही मराठी प्रवासवर्णनात सापडणार नाही. ज्या निविदांच्या भाषेला आपण स्टाफरूममध्ये हसतो, ती भाषा वाचून टायर घेता येईल. ज्या भाषेला आपण तरल म्हणतो ती वाचून येणार नाही. पाणंद, गाडवाट, रेव, पुळण, खाजण, खार, दलदल हे शब्द तर निविदेच्याही आधीचे आहेत. ते बोलीत जिवंत आहेत आणि लेखनातून हद्दपार होत आहेत.

आता खुद्द टायरकडे वळू. ज्या दोन समजुतींवर बाजार चालतो त्यांतली पहिली अशी की टायर जितका बारीक आणि हवा जितकी कडक, तितकी सायकल वेगवान. ही समजूत जुनी आहे आणि ती मोडून बराच काळ लोटला आहे. मुळात सायकलीच्या चाकात हवा आली ती वेगासाठी नव्हेच. जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर बनवला तो आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला खडबडीत रस्त्यावर बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून. (त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट थॉमसन याने याच कल्पनेचे पेटंट घेतले होते आणि त्यामुळे पुढे डनलॉपचे पेटंट टिकले नाही.) हवा आली ती धक्का खाण्यासाठी. पुढच्या शंभर वर्षांत शर्यतीच्या सायकलस्वारांनी तीच हवा ११०-१२० पीएसआयपर्यंत ठासून भरली आणि टायरचा दगड केला.

हे घातक का, याचा हिशोब सोपा आहे. एका चाकावर ४५ किलो, म्हणजे सुमारे १०० पौंड भार येतो असे धरू. टायरात १०० पीएसआय हवा असेल तर जमिनीला टेकणारा भाग साधारण एक चौरस इंच असतो. ४० पीएसआय असेल तर अडीच चौरस इंच. सुट्या खडीवर एक चौरस इंच म्हणजे एखाद-दुसरा खडा. तो खडा लोळला की चाक लोळते. अडीच इंचांत पाच-सहा खडे सापडतात आणि त्यांतला एक लोळला तरी बाकीचे धरून ठेवतात. वेगाचे म्हणाल तर गुळगुळीत रूळावर कडक चाक थोडे सरस ठरेलही. पण खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्याला वर उसळतो आणि ती उसळी अखेर स्वाराच्या अंगात मुरते. हात बधिर होतात, कंबर भरून येते, आणि पायांनी लावलेले बळ त्या हादऱ्यांत खर्ची पडते. ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या अमेरिकी नियतकालिकाने २००६ च्या सुमारास प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या घेऊन रुंद टायर मंद नसतात असे दाखवले, तेव्हा अनेकांनी त्याची टर उडवली. आज शर्यतीचे व्यावसायिक स्वारसुद्धा २३ मिलिमीटर सोडून २८ आणि त्याहून रुंद टायर वापरतात. आपल्याकडे मात्र दुकानात अजूनही अंगठ्याने टायर दाबून ‘अजून भरा’ म्हणणारा माणूस जाणकार गणला जातो.

दुसरी समजूत नक्षीची. टायरवर जितके उंच आणि टोकदार गुट्टे, तितका तो ‘दमदार’. हल्ली कॉलेजातली मुले घेतात त्या सायकली पाहाव्यात: ट्रॅक्टरला शोभेल अशी नक्षी, आणि चालायची ती नव्वद टक्के डांबरावर. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्य हे काव्याचे जीवित मानले आणि अस्थानी अलंकार हास्यास्पद ठरतो असे बजावले. आपण ते परीक्षेपुरते शिकवतो. कोरड्या डांबरावर उंच गुट्टे वाकतात, घरघरतात, बळ खातात आणि लवकर झिजतात. ओल्या डांबरावर तरी ते उपयोगी पडतात का? मोटारीच्या टायरला पाणी कापायला खाचा लागतात. सायकलीचा टायर अरुंद आणि गोलाकार असतो, तिचा वेग कमी असतो, त्यामुळे पाण्याच्या थरावर तरंगण्याची भीती तिला जवळजवळ नसतेच. कठीण जमिनीवर गुळगुळीत रबरच उत्तम पकडते. मुरुमावर आणि बारीक खडीवर नक्षीपेक्षा रुंदी व हवेचा दाब यांचे महत्त्व अधिक. राहता राहिला चिखल. खाजणाकाठचा चिकण चिखल एकदा चाकाला लागला की गुट्ट्यांच्या फटी भरतात, टायर आणि चिमटा यांच्यामधली जागा भरते आणि चाक फिरायचेच थांबते. तिथे नक्षी कामाची नाही. चिमट्यात मोकळी जागा हवी, आणि तीही नसेल तर खाली उतरून सायकल खांद्यावर घ्यावी.

मग एडवणच्या वाटेला टायर कुठला? उत्तर कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते जाहिरातीत नसते. ४० ते ४५ मिलिमीटर रुंद. मधोमध जवळजवळ गुळगुळीत, कडेला बुटकी नक्षी. बाजू बाभळीच्या काट्याला पुरून उरेल इतकी जाड. सत्तर किलोच्या माणसाने पुढे ३२ ते ३५ आणि मागे ३६ ते ४० पीएसआय हवा ठेवावी. कोरड्या पुळणीत शिरण्यापूर्वी ती २०-२५ वर आणावी, हलका गियर घ्यावा, हँडल न वळवता पाय चालू ठेवावेत. डांबरावर परतताच पुन्हा भरावी, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चेंगरून दोन भोके पडतील. ओल्या वाळूवरून जरूर जावे, पण घरी येऊन साखळी, तारा आणि रिम गोड्या पाण्याने धुवावी. खारट पाणी कुणाचीच गय करत नाही. शेवाळ धरलेल्या सिमेंटवर कुठलाही टायर वाचवत नाही. तिथे ब्रेक लावू नये, वळू नये, सरळ निघून जावे. तांदुळवाडीच्या घाटासारख्या उतारावर वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. वळणावर डंपरमधून सांडलेली खडी असते आणि ती वळल्यावरच दिसते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे: हा सगळा श्रीमंती छंद. लाखाची सायकल घेणाऱ्याने टायरची चर्चा करावी. गावातल्या माणसाला तिच्याशी काय कर्तव्य? हा आक्षेप घेणाऱ्यांनी गावातल्या माणसाची सायकल कधी नीट पाहिलेली नसते. दूधवाल्याची, पाववाल्याची, मासळीची पाटी मागे बांधणाऱ्याची ती काळी सायकल आठवावी. तिच्या टायरवर २८ गुणिले दीड असे माप असते. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. आंतरराष्ट्रीय खुणेत हाच टायर ४०-६३५ असा लिहिला जातो. म्हणजे रुंदी चाळीस मिलिमीटर. विलायतेतल्या संशोधनाने आणि जाहिरातींनी वळसा घेत घेत जी रुंदी गाठली, ती आपल्या दूधवाल्याच्या चाकाला आजोबांच्या काळापासून होती. चिमट्यात बोटभर मोकळी जागा, मडगार्ड, नक्षी बुटकी, हवा बेताची. त्याला ग्रॅव्हल म्हणत नव्हते, एवढेच.

इथे देशीवादी वाचकाने लगेच टाळी वाजवू नये. ती काळी सायकल काही आपल्या मातीतून उगवलेली नाही. ती इंग्रजी रोडस्टरची नक्कल. टायर डनलॉपच्या वंशातला. तिची मापेही इंचांतली. ॲटलस (१९५१) आणि हीरो (१९५६) यांनी ती इथे बनवली म्हणून ती जन्माने देशी होत नाही. पण ती इथल्या रस्त्यावर रुळली, इथल्या ओझ्याला पुरी पडली, इथल्या दुरुस्तीवाल्याच्या हाताला समजली. आपल्या उपयोगी पडण्यापुरते देशीपण एवढेच असते: गोष्ट कुठून आली यापेक्षा ती इथल्या जमिनीला उत्तर देते की नाही, हे महत्त्वाचे. या निकषावर आजची महागडी ग्रॅव्हल सायकलही देशी ठरू शकते आणि ‘भूप्रदेशा’ची मराठी जाहिरात परकीच राहते.

मापांच्या नावांचा घोळ तर चिन्हमीमांसेच्या तासाला उदाहरण म्हणून वापरावा असा आहे. आपण ‘बावीस इंची’, ‘चोवीस इंची’ सायकल म्हणतो तेव्हा ते माप चाकाचे नसून सांगाड्याच्या उंचीचे असते. चाक दोन्हींचे अठ्ठावीस. आपल्याकडचे ‘अठ्ठावीस इंची’ चाक म्हणजे ६३५ मिलिमीटर व्यासाची रिम. जर्मनीत ‘अठ्ठावीस इंची’ म्हणजे ६२२. तीच ६२२ ची रिम शर्यतीच्या सायकलीवर ‘७०० सी’ होते आणि डोंगरी सायकलीवर ‘एकोणतीस इंची’. एकाच वस्तूला तीन नावे, एकाच नावाच्या दोन वस्तू. गल्लीतल्या दुकानातला अठ्ठावीसचा टायर नव्या सायकलीवर चढवायला जावे तर तो तेरा मिलिमीटरने मोठा निघतो. म्हणून टायर घेताना इंच विसरावेत आणि बाजूवर कोरलेली दोन आकड्यांची खूण वाचावी: पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमेच्या व्यासाचा. पाठ्य वाचण्याची सवय असणाऱ्यांना एवढे जड जाऊ नये.

दुरुस्तीचा प्रश्नही याच अंगाने पाहावा. ट्यूबविरहित टायरात लाटेक्सचा द्रव भरतात. काटा लागला की तो भोक बुजवतो. काट्यांच्या मुलखात ही सोय खरी, यात शंका नाही. पण तो द्रव आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतो, दर दोन-तीन महिन्यांनी भरावा लागतो, आणि टायर बाजूने चिरला तर त्याचा उपाय चालत नाही. नव्या सायकलींचा बारीक, लांबट प्रेस्टा वाल्व्ह तर नाक्यावरच्या पंपाला बसतच नाही. नाक्यावरच्या काकांकडे पाण्याची परात आहे, सोल्युशन आहे, कानस आहे आणि चाळीस वर्षांचा हात आहे. त्या हाताला निरुपयोगी ठरवणारी वस्तू घ्यायची तर बरोबर जास्तीची ट्यूब, स्वतःचा पंप आणि पितळी अडॅप्टर बाळगावा. तो अडॅप्टर अगदी किरकोळ किमतीला मिळतो. त्याचा उल्लेख करणारे मराठी परीक्षण अजून वाचनात आलेले नाही.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला त्या मुद्द्याकडे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि तेव्हापासून त्याच्या रस्त्यांवरची वाहतूक बदलत गेली. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून होतेच, बोईसरची औद्योगिक वसाहतही जुनी. त्यात भर पडली ती मालवाहू रेल्वेमार्गाची, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाची, बुलेट ट्रेनची आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेल्या वाढवण बंदराची. या कामांना मुरूम लागतो, खडी लागते, ती डंपरांनी जाते. रासायनिक कारखान्यांचे टँकर वेगळे. अशा रस्त्यावर सायकलवाला डांबरावर राहू शकत नाही. मागून हॉर्न वाजला की तो साइडपट्टीवर उतरतो, वाहन गेले की पुन्हा वर चढतो. पाळीला जाणारा कामगार हे रोज कितीदा करतो, याची मोजदाद कोण ठेवणार? त्याच्या ‘मिश्र भूप्रदेशा’त साहसाचा अंशही नाही, डांबर त्याच्या वाट्याला येत नाही म्हणून मुरूम येतो.

आणि सायकलवाला पडतो तो बहुधा या कडेवर. डांबराची कड चार-सहा बोटे उंच, खाली धुऊन गेलेली पट्टी. बारीक, कडक चाक कडेला समांतर घासत वर चढू पाहते, अडकते आणि स्वार डांबराच्या बाजूला, म्हणजे टँकरच्या बाजूला पडतो. रुंद, बेताच्या हवेचा टायर ती कड पुष्कळदा गिळतो. तरीही कड तिरकी घासत चढू नये. वेग कमी करून थोडे बाहेर जावे, चाक शक्य तितके काटकोनात आणून, पुढचा भाग किंचित उचलून वर यावे. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या. त्यांच्यासोबत टायरात हवा किती ठेवावी आणि साइडपट्टीवरून वर कसे यावे, हे अर्ध्या तासात शिकवता येण्यासारखे होते. पण ते सांगायला भाषा हवी, आणि सायकलीविषयीची आपली भाषा तर आत्मभानाच्या शोधात घाटमाथ्यावर गेलेली.

रुंद टायर हा चांगल्या साइडपट्टीला पर्याय आहे, असे कुणी यातून काढू नये. साइडपट्टी भरणे, ती दाबणे, डांबराच्या पातळीला आणणे हे काम निविदेत लिहिलेले असते आणि ते झालेच पाहिजे. चाळीस मिलिमीटरचे रबर बांधकाम खात्याची जबाबदारी उचलू शकत नाही. पण जो सायकलवाला ‘रस्ता खराब आहे’ एवढेच म्हणतो त्याची तक्रार कुठेही बसते आणि म्हणून कुठेही बसत नाही. ‘अमुक मोरीपासून अमुक फाट्यापर्यंत साइडपट्टी सहा बोटे खचली आहे, मुरूम धुऊन नुसती खडी उरली आहे’ असे जो लिहितो त्याला उत्तर द्यावे लागते. अचूक नामाचा उपयोग साहित्यात जो, तोच इथे.

मराठीच्या प्राध्यापकांना म्हणून एक सूचना. प्रकल्पलेखनासाठी दरवर्षी तेच ते कादंबरीकार आणि तीच ती प्रस्थापित-विस्थापितांची मांडणी देण्याऐवजी एखाद्या वर्षी विद्यार्थ्यांना त्यांच्या घरापासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्याची शब्दसूची करायला सांगावी. कुठे डांबर, कुठे मुरूम, कुठे रेव, कुठे खार. घरचे त्याला काय म्हणतात, निविदेत काय म्हणतात, पावसाळ्यात त्याचे काय होते. एडवण, केळवे, सफाळे, बोईसरकडून येणाऱ्या मुलामुलींकडे हे शब्द अजून आहेत. त्यांतले निम्मे तरी आपल्याला ठाऊक नसतील. ते गोळा झाले तर बोलीअभ्यासाला साहित्य मिळेल, बांधकाम खात्याला तक्रार मिळेल आणि सायकल चालवणाऱ्याला टायर निवडता येईल. तिन्हींपैकी कुठले काम आपल्या विषयाच्या कक्षेबाहेरचे, हे सांगण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्यांवर.